स्वादुपिंड की अग्न्याशय? एक ग्रंथी, दोन कारभार

भिलाई (छत्तीसगड) – येथील पोलाद कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातून आणि महाराष्ट्राच्या अन्य भागांतून आलेली अनेक मराठी कुटुंबे आता दोन-तीन पिढ्यांपासून या शहरात स्थायिक आहेत. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कार्यालयात इंग्रजी हा त्यांचा नित्याचा व्यवहार. आजारपणात मात्र तो कधी कधी गोंधळात टाकतो. सोनोग्राफीच्या अहवालात 'पँक्रियाज' असे छापलेले असते, डॉक्टर समजावून सांगताना 'अग्न्याशय' म्हणतात आणि मराठी शाळेत शिकलेल्या आजोबांना आठवते ते 'स्वादुपिंड'. ही तिन्ही नावे एकाच ग्रंथीची आहेत.

ग्रीक भाषेत 'पॅन' म्हणजे सर्व आणि 'क्रिआस' म्हणजे मांस. हाड नाही, कूर्चा नाही, सगळा मांसल गोळा, म्हणून पँक्रियाज. हिंदीने जठराग्नीच्या जुन्या कल्पनेचा आधार घेतला. मराठी शब्दातील 'स्वादु' म्हणजे रुचकर किंवा गोड. इंग्रजी पाककृतींत वासराच्या या ग्रंथीला 'स्वीटब्रेड' म्हणतात, त्याच्याशी मराठी नावाचे असलेले साम्य नजरेत भरते. योगायोग असा की, हिंदी शब्द या ग्रंथीच्या एका कामाकडे, म्हणजे पचनाकडे निर्देश करतो. तर मराठी शब्द दुसऱ्या कामाची, म्हणजे रक्तातील साखरेच्या नियंत्रणाची आठवण करून देतो. अर्थात स्वादुपिंड साखर तयार करीत नाही. साखर पेशींपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था ते करते.

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे

छातीच्या मधल्या हाडाचे खालचे टोक आणि बेंबी यांच्या साधारण मधोमध, परंतु पोटात खूप आत, ही ग्रंथी आडवी पसरलेली असते. तिची लांबी प्रौढ व्यक्तीत साधारण १५ ते २० सेंटिमीटर आणि वजन सुमारे ७० ते १०० ग्रॅम असते. तिच्या पुढे जठर आणि मागे महारोहिणी व पाठीचा कणा. त्यामुळे निरोगी स्वादुपिंड हाताने चाचपून कळत नाही. जठरात किंवा आतड्यात वायू साचला असेल तर सोनोग्राफीतही ते नीट दिसत नाही. अहवालात 'ग्रंथी स्पष्ट दिसली नाही' असा शेरा आला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नसते.

वर्णनाच्या सोयीसाठी तिचे डोके, मान, धड आणि शेपूट असे भाग केले जातात. जठरानंतर सुरू होणाऱ्या लहान आतड्याच्या पहिल्या भागाला आद्यांत्र म्हणतात. इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या त्याच्या वळणात ग्रंथीचे डोके बसलेले असते. शेपूट डाव्या बाजूस प्लीहेपर्यंत जाते. ग्रंथीच्या लांबीभर एक नलिका धावते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ विर्सुंग यांनी इटलीतील पाडुआ येथे १६४२ मध्ये ती दाखवून दिली. यकृताकडून पित्त आणणारी नलिका ग्रंथीच्या डोक्यातून किंवा त्याच्या मागून खाली येते आणि बहुतेक माणसांत या दोन्ही नलिका एकत्र येऊन आद्यांत्रात उघडतात. हा संगम नकाशात लहान दिसला तरी पुढे येणाऱ्या बऱ्याच दुखण्यांचे मूळ तेथे आहे.

भाताचा घास आणि पाचकरस

छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात. रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-चटणीबरोबर खाण्याची येथील पद्धत, म्हणजे बोरे-बासी, गावांतून आजही रूढ आहे. हा भाताचा घास जठरातून आम्लमिश्रित होऊन आद्यांत्रात उतरतो, तेव्हा आतड्याच्या अस्तरातून सिक्रेटिन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते आणि त्याच्या प्रभावाने स्वादुपिंड आम्ल मारणारा क्षारयुक्त रस सोडू लागते. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये हा संदेश मज्जातंतूंवाचूनही पोहोचतो हे सिद्ध केले. पुढे १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांसाठी 'हार्मोन' ही संज्ञा वापरली. तिलाच आपण मराठीत संप्रेरक म्हणतो.

दिवसभरात सुमारे दीड लिटर पाचकरस ही ग्रंथी आतड्यात सोडते. शंभर ग्रॅमच्या आतबाहेर वजन असलेल्या अवयवाच्या मानाने हे प्रमाण थक्क करणारे आहे. या रसातील अमायलेज भातातील पिष्ट पदार्थ फोडते, लायपेज तेल-तुपाचे विघटन करते आणि ट्रिप्सिन डाळीतील प्रथिनांचे तुकडे करते. परंतु माणसाचे मांसही प्रथिनांचेच असल्यामुळे ट्रिप्सिन ग्रंथीत तयार अवस्थेत साठविले जात नाही. ते निष्क्रिय रूपात बाहेर पडते आणि आतड्यात पोहोचल्यावर तेथील एका विकरामुळे कार्यक्षम होते. ही सावधगिरी काही कारणाने फसली तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. तीव्र स्वादुपिंडदाह म्हणतात तो हाच.

या दाहाची दोन प्रमुख कारणे जगभर सारखीच आढळतात: पित्ताशयातील खडे आणि मद्य. वर उल्लेखिलेल्या संगमात खडा अडकला की पित्त तुंबते आणि स्वादुपिंडाच्या रसाचीही वाट अडते. पोटाच्या वरच्या भागात अचानक उठलेली, पाठीत जाणारी, पुढे वाकून बसल्यास किंचित सुसह्य होणारी तीव्र कळ आणि त्याबरोबर उलट्या, ही याची ठळक लक्षणे होत. रक्तातील लायपेज किंवा अमायलेजचे प्रमाण नेहमीच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा अधिक असले तर निदानाला पुष्टी मिळते. अशा वेदनेला पित्त झाले असे समजून आम्लनाशक गोळीवर रात्र काढणे धोक्याचे असते. बहुतेक रुग्ण रुग्णालयातील उपचारांनी काही दिवसांत बरे होतात. तथापि सुमारे पाचांपैकी एकात दाह गंभीर वळण घेतो आणि मूत्रपिंड व फुप्फुसांनाही इजा पोहोचते.

विदर्भ आणि छत्तीसगड या सलग पट्ट्यात पित्तखड्यांचे आणखी एक कारण विचारात घ्यावे लागते. ते म्हणजे सिकल सेल हा आनुवंशिक रक्तविकार. यात तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात आणि लवकर फुटतात. फुटलेल्या पेशींतील रंगद्रव्य पित्तात साठून कमी वयातच खडे होऊ शकतात. या विकाराच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. सिकल सेलच्या रुग्णाची पोटदुखी त्या आजाराच्या नेहमीच्या वेदनांपैकी एक मानली जाण्याची शक्यता असते. म्हणून अशा रुग्णात पित्ताशय व स्वादुपिंड तपासून घेणे महत्त्वाचे ठरते.

बेटांचा शोध

पाचकरस तयार करणाऱ्या पेशींच्या विस्तारात मधूनमधून वेगळ्याच पेशींचे पुंजके असतात. बर्लिनमधील वैद्यकाचे विद्यार्थी पॉल लँगरहान्स यांनी १८६९ मध्ये आपल्या प्रबंधात त्यांचे वर्णन केले. त्यांचे कार्य काय असावे, हे मात्र त्यांना सांगता आले नव्हते. पुढे १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्याला मधुमेह जडला. या पुंजक्यांना 'लँगरहान्सची द्वीपके' हे नाव फ्रेंच संशोधक लागेस यांनी १८९३ मध्ये दिले आणि साखरेशी असलेला संबंध त्यांच्यातूनच येत असावा, असा तर्क मांडला.

प्रौढ माणसात अशी सुमारे दहा लाख द्वीपके असतात, तरी संपूर्ण ग्रंथीच्या वजनात त्यांचा वाटा एक-दोन टक्क्यांचाच. पाचकरस नळीतून आतड्यात जातो. द्वीपकांचा माल थेट रक्तात उतरतो. त्यांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. जेवणानंतर साखर वाढली की इन्सुलिन ती स्नायू व चरबीच्या पेशींत शिरू देते आणि यकृताला साठा करण्यास लावते. अल्फा पेशींचे ग्लुकागॉन याच्या उलट, उपाशीपोटी यकृतातील साठा बाहेर काढते. या दोघांच्या ओढाताणीतून साखर एका पातळीवर राहते.

या कारभाराला घड्याळही असते. तोच डबा दुपारी खाल्ला आणि मध्यरात्रीनंतर खाल्ला, तर रात्री साखर अधिक वाढते, असे अभ्यासांत दिसले आहे. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण अधिक आढळते, त्यामागे हे एक कारण असावे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. झोतभट्टी रात्री विझवून ठेवता येत नाही. त्यामुळे रात्रपाळी ही या शहराची जीवनपद्धतीच झाली आहे. तेथील मधुमेही कामगाराने औषधाच्या वेळा पाळीनुसार डॉक्टरांकडून ठरवून घेणे आवश्यक असते. 'सकाळी नाश्त्यापूर्वी' ही सूचना रात्रपाळीच्या माणसाला नेमकी केव्हा लागू करावी, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

लठ्ठपणाशिवाय मधुमेह

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. हा आजार म्हणजे सुबत्तेचा, बैठ्या कामाचा, वाढलेल्या पोटाचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नगरवसाहतीतील पक्की घरे, दारात दुचाकी आणि निवृत्तीनंतरची निवांत वर्षे असे भिलाईचे चित्र पाहिले तर ती काही अंशी खरीही वाटते. अशा शरीरात इन्सुलिन तयार होते, परंतु ते पेशींना पुरेसे मानवत नाही, आणि वर्षानुवर्षे जादा काम करून बीटा पेशी थकतात. हा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होय. पहिल्या प्रकारात शरीराचीच प्रतिकारशक्ती बीटा पेशी नष्ट करते. तो बहुधा लहान वयात सुरू होतो.

परंतु याच राज्यात शहरांपासून थोडे दूर गेले की चित्र बदलते. बिलासपूरजवळील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था डॉक्टरांच्या एका गटाने सुरू केली. तेथील डॉक्टरांनी गेल्या दोन दशकांत खेड्यांतील कृश, कष्टकरी मधुमेही रुग्णांकडे सातत्याने लक्ष वेधले आहे. या माणसांना पोट सुटलेले नाही, उलट पुरेसे वजनच नाही. त्यांना कमी खा, वजन घटवा, असे सांगणे हे उपचार नव्हे, हानी होय. प्रस्तुत लेखकाच्या मते, मधुमेहाबाबतचे आपले बहुतांश माहितीसाहित्य शहरी, सुस्थितीतील वाचक डोळ्यांपुढे ठेवून लिहिले जाते आणि बव्हंशी परदेशी मजकुराचा अनुवाद असते. त्यात या रुग्णाचे वर्णनच सापडत नाही.

या प्रश्नाच्या मुळाशी जाणारे काम महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा व नवजात अर्भकांचा अभ्यास हाती घेतला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. पुण्याकडील बाळे लहान व बारीक असूनही त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. कमी होते ते स्नायू आणि पोटातील अवयव. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पानभर आकडेवारीने जे पटले नसते ते त्या एका चित्राने पटविले.

गर्भावस्थेत पोषण अपुरे पडले तर वाढता जीव मेंदूला प्राधान्य देतो आणि स्वादुपिंडासारख्या अवयवांच्या वाट्याला कमी येते, अशी मांडणी ब्रिटिश संशोधक हेल्स आणि बार्कर यांनी १९९२ मध्ये केली होती. बीटा पेशींचे भांडवलच अपुरे घेऊन जन्मलेल्या माणसाला थोडासा भारही पुढे झेपत नाही. पुण्यातील तरुण वयात मधुमेह झालेल्या रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत मोठा गट तीव्र इन्सुलिनन्यूनता असलेल्यांचा आढळला. युरोपातील रुग्णांपेक्षा हे चित्र वेगळे आहे.

कुपोषणाशी निगडित अशा मधुमेहाला जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये स्वतंत्र वर्ग दिला होता. पुरेशा पुराव्याअभावी १९९९ मध्ये तो काढून टाकला. त्यानंतर वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि अमेरिकेतील संशोधकांनी मिळून केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. या कृश रुग्णांत मुख्य दोष इन्सुलिन कमी स्रवण्याचा आहे, असे त्यात दिसून आले. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथील जागतिक परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने या प्रकाराला 'टाइप ५ मधुमेह' अशी मान्यता दिली. सर्व तज्ज्ञ या वर्गीकरणाशी सहमत नाहीत. नाव काहीही दिले तरी अशा रुग्णाला पुरेशी प्रथिने असलेला आहार लागतो आणि इन्सुलिनची मात्रा बेताने ठरवावी लागते, कारण जेवण अनिश्चित असलेल्या घरात साखर अचानक खाली जाण्याचा धोका मोठा असतो. स्वतःचे इन्सुलिन किती तयार होते हे सी-पेप्टाइड या रक्तचाचणीवरून कळू शकते.

कृश मधुमेह्यात आणखी एक शक्यता पाहिली जाते, ती ग्रंथीतच खडे होण्याची. दीर्घकालीन स्वादुपिंडदाहात नलिकेत खडे साठतात आणि पेशी हळूहळू नष्ट होतात. मग दोन्ही कारभार बुडतात. तेलकट, तरंगणारे मल ही पचन बिघडल्याची खूण, तर वाढलेली साखर ही द्वीपके गेल्याची. हा विकार केरळात विशेष आढळला. त्याचे खापर पूर्वी टॅपिओकावर फोडले जात असे, परंतु ते कारण टिकले नाही. अनेक भारतीय रुग्णांत आता विशिष्ट जनुकीय दोष आढळले आहेत.

सिकल सेलचा मुद्दा येथेही पुन्हा येतो. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही चाचणी तांबड्या पेशींवर अवलंबून असते. त्या पेशी अल्पायुषी असतील तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो आणि मधुमेह असूनही अहवाल निर्दोष दिसतो. दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया, गडचिरोली या भागांतील रुग्णाला सिकल सेल असल्याचे ठाऊक असेल, तर त्याने ते डॉक्टरांना सांगावे आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर तपासून घ्यावी.

उशिरा कळणारा कर्करोग

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले, तेव्हा हा शब्द मराठी-कोकणी घराघरांत पोहोचला. गाठ डोक्याच्या भागात असेल तर ती शेजारची पित्तनलिका दाबते आणि वेदनेशिवाय कावीळ होते. धडात किंवा शेपटीत असेल तर बराच काळ काहीच जाणवत नाही. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह सुरू होणे आणि त्याच वेळी वजन झपाट्याने उतरणे, ही जोडी डॉक्टरांच्या कानावर घालण्यासारखी असते. अशा प्रत्येकाला कर्करोग असतो असे मुळीच नाही. तंबाखूचे सेवन हे या कर्करोगाचे टाळता येण्याजोगे कारण आहे.

इन्सुलिन आणि उन्हाळा

कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये स्वादुपिंडातून परिणामकारक अर्क काढला आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो प्रथम टोचण्यात आला. त्यानंतर अनेक दशके इन्सुलिन गायी-डुकरांच्या ग्रंथींतून काढले जाई. जनुकीय तंत्राने तयार केलेले मानवी इन्सुलिन १९८२ पासून वापरात आले. भारतात वोक्हार्ट कंपनीने २००३ मध्ये असे इन्सुलिन बाजारात आणले. तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे तिचा प्रकल्प आहे.

औषध देशात तयार होऊ लागले, तरी ते रुग्णाच्या घरी टिकविण्याचा प्रश्न उरतो. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागते. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे घरातील थंड जागी चालते, परंतु पारा तिशीच्या आत हवा. भिलाई-दुर्ग परिसरात मे महिन्यात तो चाळीशी ओलांडतो. शीतकपाट नसलेल्या घरी एकात एक अशी दोन मातीची मडकी ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरतात आणि कुपी आतल्या मडक्यात कोरडी राहील अशी ठेवतात. पाण्याच्या बाष्पीभवनाने आतील तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच कमी राहते, हे तपासून पाहण्यात आले आहे. वाळू रोज ओली करावी लागते. शीतकपाट असेल तर कुपी दारातील कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नको. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यानंतर निर्मळ दिसले तरी ते टाकून द्यावे लागते. मडक्याचा उपाय कोरड्या उन्हाळ्यात उत्तम चालतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा गुण कमी होतो, तोवर पाराही खाली आलेला असतो.